शांततेची तीन मिनिटं

कालयूने खोका टेबलावर ठेवला, म्हणाला,
"रडेल. रडू दे. तिसऱ्या रात्री थांबतं."
त्याच्या कोटाला मेंढ्यांचा वास होता,
खोक्यातल्या फडक्याला पिल्लाच्या आईचा.
ट्रॅक्टर बर्फातून दूर दूर गेला
आणि मुरीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

मी लाइने. ह्या हीउमा बेटावर
एकोणतीस वर्षं किनाऱ्याच्या रेडिओ-खोलीत बसले,
कानांवर काळे तवे, बोटाखाली किल्ली.
आवाजाला मी भीत नाही.
आवाज आला म्हणजे कुणीतरी आहे, एवढं मला कळतं.
पण हे कडकट्ट कुठल्या लिपीतलं?

नोंदवही काढली. जुनी खोड.
००:२० लांब, लांब, मध्येच तुटलेला. दूध दिलं. प्यायलं. पुन्हा तेच.
०१:१० आखूड, घाईचे, दाराकडे तोंड. बाहेर नेलं.
बर्फात बटणाएवढा पिवळा ठिपका.
(हा संदेश बरोबर वाचला.)
०२:०५ झोपेत. पाय पळतायत. हा माझ्यासाठी नव्हता.
०२:३०

पुढे कोरं आहे.
साडेदोनला जे सुरू झालं
ते सुईच्या नेढ्यातून ओढल्यासारखं बारीक,
तुटेल वाटावं आणि तुटू नये असं.
मी चिडले. खरं सांगते.
म्हटलं, दूध झालं, शेक झाला, बाहेर जाऊन झालं,
आता काय माझं काळीज कापून देऊ?

भिंतीवर माझं घड्याळ आहे, रेडिओ-खोलीतलं.
खोलीला कुलूप लागलं तेव्हा पिशवीत घालून आणलं,
कुणी विचारलं नाही.
तबकडीवर दोन लाल फाका:
पंधरा ते अठरा, पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस.
तेवढी तीन मिनिटं समुद्रावर कुणी बोलायचं नाही.
सगळ्यांनी ऐकायचं,
ज्याचा आवाज सगळ्यांत क्षीण, त्याचं.

काटा पंचेचाळीसवर आला.
मी बोलायची थांबले.
त्याला गप्प करायचीही थांबले.

आणि तो पोरगा आठवला.
हेरिंगची होडी, नोव्हेंबर, इंजिन बंद.
दोर घेऊन दुसरी बोट निघाली होती,
सगळं ठरलं होतं, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं,
तरी त्याची किल्ली वाजत होती.
शब्द नाही, अक्षरही नाही.
अंधारात भिंत चाचपावी तसा
नुसता बोट टेकवत होता.
मी उत्तर देत राहिले, आखूड, लांब, आखूड:
मिळालं. मिळालं. मिळालं.
पहाटेपर्यंत.
नियमात बसत नव्हतं, पगारातून पाच रूबल कापले.
"काय मिळालं?" साहेबाने विचारलं.
मला सांगता येईना.

गुडघे कुरकुरले, पण बसले खाली, चुलीपाशी.
पेराने फळीवर ठोकलं, टक्.
नखाने लांब ओरखडा. पुन्हा टक्.
मुरी थबकलं. एक कान वर, एक तसाच.
मग रडलं, पण शेवट जरासा वळवून,
कडी वाजवून माणूस मागे सरकतं तसा.
टक्, खर्रर्र, टक्.

आठ आठवडे हा जीव
सहा भावंडांच्या ढिगात होता,
कुणाचा ना कुणाचा श्वास सतत पाठीला.
आज पहिल्यांदा त्याला कळलं
आपण कुठे संपतो.

माझ्या पलंगाची डावी बाजू चार वर्षं थंड आहे.
त्याबद्दल मी कुणालाच काही पाठवलेलं नाही.

सकाळी कालयू दार ढकलून आत आला.
मी जमिनीवर, मानेला रग,
हात कोपरापर्यंत खोक्यात.
"लाडावलंस," म्हणाला, बूट आपटत.
म्हटलं, कॉफी ठेव. आणि हळू.
घड्याळ बघ की जरा.
आठ सेहेचाळीस.